ऑन्टॅरिओच्या दुकानांतला ‘सौम्य’ गांजा: काय घ्यावं, काय शेल्फवरच ठेवावं

ऑन्टॅरिओतल्या परवानाधारक दुकानात जाऊन “काहीतरी सौम्य द्या” असं सांगितलं, की बरेचदा १८-२० टक्के टीएचसीचं (गांजातला नशा आणणारा घटक) फूल पुढे केलं जातं. विकणाऱ्याच्या हिशेबाने ते सौम्यच असतं, कारण शेजारच्या डब्यांवर २५ आणि ३० चे आकडे असतात. हेल्थ कॅनडाच्या (केंद्र सरकारचं आरोग्य खातं) माहितीप्रमाणे १९८० च्या दशकात गांजात सरासरी ३ टक्के टीएचसी असायचं, आता ते १५ च्या आसपास आहे. नवख्या माणसासाठी हेल्थ कॅनडाचाच सल्ला १० टक्के किंवा त्याहून कमी, आणि सोबत तेवढंच किंवा जास्त सीबीडी (गांजातलाच, पण नशा न आणणारा घटक), असा आहे. सल्ला आणि शेल्फ यांच्यातलं हे अंतर ग्राहकाला स्वतःच भरून काढावं लागतं.

हा रिव्ह्यू ब्रॅम्प्टन, मिसिसागा, टोरांटो भागातल्या १९ वर्षांपुढच्या मराठी वाचकांसाठी आहे. कॅनडात गांजा १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदेशीर आहे. खाण्यापिण्याच्या पदार्थांना त्यानंतर वर्षभराने परवानगी मिळाली. ऑन्टॅरिओत सरकारी ऑनलाइन विक्री ‘ऑन्टॅरिओ कॅनॅबिस स्टोअर’ करतं. रस्त्यावरची दुकानं खाजगी, पण त्यांनाही माल तिथूनच घ्यावा लागतो. त्यामुळे कुठल्याही परवानाधारक दुकानात गेलात तरी पाकिटावरचं लेबल एकाच नियमाने छापलेलं मिळतं. या व्यवस्थेची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. होळीच्या भांगेत किती काय आहे हे घोटणाऱ्यालाही सांगता येत नाही. इथे मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं.

फक्त ते वाचायचं कसं हे ठाऊक हवं. फुलाच्या डब्यावर पुष्कळदा चार आकडे असतात. उदाहरणार्थ: टीएचसी ३ मि.ग्रॅ. प्रति ग्रॅम, एकूण टीएचसी ८० मि.ग्रॅ. प्रति ग्रॅम, सीबीडी २, एकूण सीबीडी ९५. पहिला आकडा पाहून “अरे, तीनच!” म्हणत डबा उचलणारे बरेच. कच्च्या फुलात टीएचसी बहुतांशी आम्लाच्या रूपात असतं, आणि त्या रूपात ते नशा देत नाही. पेटवलं किंवा तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि खरं टीएचसी तयार होतं. ‘एकूण’ आकडा या गरम झालेल्या स्थितीचा असतो. पाहायचा तो तोच. त्याला १० ने भागलं की टक्के निघतात: ८० म्हणजे ८ टक्के. नव्या पाकिटांवर काही ठिकाणी फक्त ‘एकूण’चे दोनच आकडे दिसतील, ते जास्त सोयीचं.

पण टक्के कळले म्हणून काम झालं नाही. शरीरात काय जातं ते मिलिग्रॅममध्ये मोजायचं असतं. ८ टक्क्यांच्या अर्ध्या ग्रॅमच्या प्री-रोलमध्ये (कागदात तयार वळलेली गांजाची विडी) ४० मि.ग्रॅ. टीएचसी असतं. २५ टक्क्यांच्या एक ग्रॅमच्या प्री-रोलमध्ये २५०. ओढताना यातलं पुष्कळसं जळून किंवा धुरात वाया जातं, हे खरं. तरी दोन्हींतली सहापट तफावत तशीच राहते. म्हणून सौम्य फूल घेऊन मोठा प्री-रोल एकट्याने संपवायचा, यात सौम्य काही उरत नाही. ०.३ ते ०.५ ग्रॅमचे छोटे प्री-रोल मिळतात, ते बघा. एक-दोन हलके झुरके, मग दहा-पंधरा मिनिटं थांबणं. धुराचा असर काही मिनिटांत सुरू होतो आणि साधारण अर्ध्या तासात टोकाला जातो, त्यामुळे थांबलं की अंदाज येतो. धूर फुप्फुसात कोंडून धरल्याने मजा वाढत नाही, डांबर मात्र जास्त बसतं.

फुलांच्या नावांवर जाऊ नये. ‘इंडिका’ म्हणजे झोप आणि ‘सॅटिव्हा’ म्हणजे तरतरी, हे काउंटरवरचं पाठांतर आहे; त्यावरून असर किती होईल हे कळत नाही. कामाचं वर्गीकरण वेगळं: टीएचसी-प्रधान, समतोल आणि सीबीडी-प्रधान. ऑनलाइन साइटवर टीएचसीच्या प्रमाणानुसार यादी गाळता येते, ती सोय दुकानातल्या गप्पांपेक्षा उपयोगी आहे. हार्लेक्विन, कॅनाटॉनिक, एसीडीसी, पेनीवाइज ही सीबीडी जास्त असलेल्या वाणांची जुनी, ओळखीची नावं. तरी एकाच नावाच्या दोन खेपांत आकडे बदलतात, तेव्हा डब्यावरचा आकडाच प्रमाण मानावा.

समतोल फुलांची खरी अडचण ताजेपणाची. मागणी कमी, त्यामुळे डबा बराच काळ पडून असू शकतो. पॅकिंगची तारीख लेबलवर असते. ती काउंटरवरच विचारा आणि सहा महिन्यांपेक्षा जुना असेल तर दुसरा मागा. जुनं फूल चिमटीत धरलं की चुरा होऊन सांडतं, वास गवतासारखा येतो आणि धूर घशाला लागतो. त्याने नशा वाढत नाही, पण खोकला येतो आणि माणूस “सौम्य माल भिकार असतो” असं मत करून परत २५ टक्क्यांकडे वळतो.

आता खाण्यापिण्याचे पदार्थ. कॅनडात एका पाकिटात जास्तीत जास्त १० मि.ग्रॅ. टीएचसी असू शकतं. ही मर्यादा नवख्यांसाठी वरदान आहे, पण १० हा एका माणसाचा डोस नव्हे. हेल्थ कॅनडा सुरुवातीला २.५ मि.ग्रॅ. किंवा त्याहून कमी घ्यायला सांगतं. म्हणून १० ची एकच मोठी गमी (चघळायची मऊ गोळी) घेऊन घरी सुरीने चार तुकडे करण्यापेक्षा २.५ च्या चार गमी असलेलं पाकीट घ्यावं. कापलेले तुकडे सारखे होत नाहीत, आणि गमीत तेल सगळीकडे सारखं मिसळलेलं असेलच असंही नाही. दोन-दोन मिलिग्रॅमच्या पाच गमींचं पाकीट मिळालं तर आणखी बरं.

शाकाहारी मंडळींनी घटकांची यादी नक्की वाचावी. बऱ्याच गमी जिलेटिनच्या असतात, आणि ते गाईचं किंवा डुकराचं असू शकतं. ‘पेक्टिन’ लिहिलं असेल तर ते फळातलं. पेक्टिनची गमी थोडी मऊ असते. जिलेटिनची मात्र उन्हात गाडीत राहिली तर वितळून गोळा होतो, आणि मग एका गमीचा डोस कळायचा मार्गच राहत नाही.

गमीत सगळ्यात जास्त लोक फसतात ते घड्याळात. खाल्ल्यावर असर जाणवायला अर्धा ते दोन तास लागतात, टोक चार तासांपर्यंत येऊ शकतं, आणि एकूण प्रकरण बारा तासांपर्यंत चालतं. सुस्ती दुसऱ्या दिवशीही राहू शकते. पाऊण तासाने “काहीच होत नाही” म्हणून दुसरी खाल्ली, की दोन्ही एकदम चढतात. पोटातून गेलेलं टीएचसी यकृतात ११-हायड्रॉक्सी-टीएचसी या रूपात बदलतं, आणि ते मेंदूपर्यंत जोरात पोचतं. त्यामुळे ओढण्याची सवय असलेला माणूसही गमीत नवखाच असतो. त्या दिवशी दुसरी गमी नाही, हा नियम पाळला तर बहुतेक त्रास टळतो. तुपातेलाचं जेवण सोबत असेल तर शोषण वाढतं, उपाशीपोटी वेगळं, म्हणून पहिल्या काही वेळा जेवण साधारण सारखं ठेवावं. बिअर किंवा व्हिस्कीबरोबर तर मुळीच नको. दारूने रक्तातलं टीएचसी वाढतं, आणि चक्कर-उलटीचा धोकाही.

पेयं आमच्या मते नवख्यांसाठी सगळ्या शेल्फवरची सरस वस्तू. २.५ मि.ग्रॅ.चा कॅन मिळतो, तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात मिसळलेले असल्याने असर गमीपेक्षा साधारण लवकर जाणवतो, त्यामुळे दुसऱ्यांदा घेण्याचा मोह कमी होतो. अर्धा कॅन प्यायला तर सव्वा मिलिग्रॅम. त्रुटी दोन: १० मि.ग्रॅ.चा कॅन दिसायला अगदी तसाच असतो, तेव्हा आकडा पाहिल्याशिवाय फ्रीजमधून उचलू नये. आणि उघडलेला कॅन फ्रीजमध्ये ठेवला तर घरातल्या कोणालाही ते साधं सरबत वाटू शकतं.

नेमकेपणात मात्र तेलाला तोड नाही. बाटलीसोबत एक मिलिलिटरची, खुणा असलेली सिरिंज येते. मि.लि.ला १० मि.ग्रॅ. टीएचसी आणि १० मि.ग्रॅ. सीबीडी असं समतोल तेल असेल तर ०.२५ मि.लि. म्हणजे प्रत्येकी अडीच मिलिग्रॅम, ०.१ म्हणजे एक. एवढ्या बारीक पायऱ्या दुसऱ्या कशातही जमत नाहीत. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं: टोक वर करून टिचकी मारा, बुडबुडा बाहेर ढकला, मग खुणेपर्यंत आणा. काही बाटल्यांवर प्रति मि.लि. ऐवजी प्रति ग्रॅम लिहिलेलं असतं. तेल पाण्याहून हलकं, पण या मापात फरक किरकोळ पडतो. आणि गमीचं वेळापत्रक तेलालाही लागू, कारण जिभेखाली धरलं तरी बरंचसं शेवटी गिळलंच जातं. ३० मि.लि.च्या अशा बाटलीत ३०० मि.ग्रॅ. टीएचसी असतं, गमीच्या तीस पाकिटांइतकं. ‘तेल सौम्य’ म्हणून चमच्याने घेणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

व्हेप आणि ‘इन्फ्यूज्ड’ प्री-रोल यांचा सौम्यतेशी संबंध नाही. व्हेपच्या काड्यांत ७०-८० टक्के टीएचसी सर्रास असतं, आणि इन्फ्यूज्ड म्हणजे फुलावर वरून अर्क चढवलेला. दोन्ही सोडून द्या.

सीबीडीबद्दल दुकानात एक वाक्य हमखास कानावर येतं: “सीबीडी टीएचसीला काबूत ठेवतं.” हे इतकं सरळ नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २० मि.ग्रॅ. टीएचसीसोबत ६४० मि.ग्रॅ. सीबीडी खायला दिलं, तेव्हा असर कमी होण्याऐवजी वाढला, कारण सीबीडीने टीएचसीचं विघटन मंदावलं. समतोल फूल सौम्य लागतं ते मुख्यतः त्यात टीएचसीच कमी असतं म्हणून. तेव्हा निवड टीएचसीच्या मिलिग्रॅमवर करा, सीबीडी हा त्यापुढचा विचार. हेच यकृतातलं काम सीबीडी इतर औषधांच्या बाबतीतही करतं: वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. दुकानातल्या विक्रेत्याने वैद्यकीय सल्ला द्यायचा नसतो, आणि आई-बाबांच्या गुडघेदुखीसाठी त्याच्याकडून बाटली निवडून घेणं चुकीचं आहे. गरोदरपण, स्तनपान, हृदयविकार, स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकांना सायकोसिसचा (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) इतिहास, यांपैकी काही असेल तर सौम्य मालही घेऊ नये. पंचविशीच्या आतल्यांना लांब राहायचा सल्ला आहे तो मेंदूची वाढ तोवर चालू असते म्हणून.

गाडीबद्दल विद्यार्थ्यांनी आणि ट्रकवाल्यांनी नीट वाचावं. ऑन्टॅरिओत जी-१, जी-२ (नवशिक्या चालकांचा) परवाना असलेले, २१ किंवा त्याहून कमी वयाचे, आणि व्यावसायिक वाहनं चालवणारे यांना गाडी चालवताना रक्तात गांजा अजिबात चालत नाही. इतरांसाठीही मिलिलिटर रक्तात २ नॅनोग्रॅम टीएचसीपासून गुन्हा सुरू होतो. अडीच मिलिग्रॅमची गमी खाऊन “मला तर काही चढलंच नाही” ही सबब तिथे कामाची नाही. डिसेंबर २०१८ पासून नशेत गाडी चालवणं स्थलांतराच्या कायद्यात ‘गंभीर गुन्हा’ धरलं जातं. स्टडी परमिट, वर्क परमिट, पीआर, सगळ्यांवर त्याचं सावट येऊ शकतं. नोकरीत लघवीची चाचणी होत असेल तर थोडं टीएचसी असलेलं सीबीडी तेलही अडचणीत आणू शकतं.

जास्त झालंच तर घाबरल्याने धडधड वाढते, म्हणून शांत खोलीत कुशीवर झोपवा, पाण्याचे घोट द्या, एकटं सोडू नका. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, थांबत नसलेली उलटी असेल तर ९११. लहान मुलाने एक गमी खाल्ली तरी वाट पाहू नका: कॅनडाभर चालणारा विषबाधा केंद्राचा नंबर १-८४४-७६४-७६६९. पाकिटं मुलांना उघडता येऊ नयेत अशीच बनवलेली असतात, पण उरलेल्या गमी डब्यात काढून ठेवल्या की ते संरक्षण गेलं. मूळ पाकिटात, कुलपात ठेवा.

आणि भारतात जाताना बॅग तपासा. कॅनडाची सीमा ओलांडून गांजाची कुठलीही वस्तू नेणं गुन्हा आहे, अमेरिकेतल्या कायदेशीर राज्यात नेली तरीही. मुंबईत उतरलात तर एनडीपीएस कायदा, १९८५ लागू होतो. ऑन्टॅरिओची पावती, एक्साइजचा स्टॅम्प, अडीच मिलिग्रॅमचा आकडा, यांतलं काहीही तिथे चालत नाही.