किल्ल्यांच्या जुडग्यातली टॉर्च: बटण सेलची, रिमोटच्या सेलची की चार्जिंगची?

किचेन टॉर्च निवडताना नजर आधी लुमेनवर, म्हणजे प्रकाशाच्या मापावर जाते. ४५, १००, ३६०. हा आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी बघायचं ते आत कोणता सेल आहे. टॉर्च किती वेळ चालेल आणि सहा महिने पडून राहिल्यावर ऐन वेळी लागेल का, हे बहुतांशी सेलवरच ठरतं.

मोबाइलमध्ये टॉर्च असतोच, पण पाण्याच्या टाकीत डोकावताना किंवा स्कूटरच्या सीटखाली दोन्ही हात अडकलेले असताना मोबाइल धरणं अवघड आणि महागातही पडणारं. त्यातून बराच वेळ वीज नसेल, तर मोबाइलची बॅटरी बोलण्यासाठी राखलेली बरी.

बटण सेलची टॉर्च

फोटॉन फ्रीडमसारखी नाण्याएवढी चपटी टॉर्च किंवा स्ट्रीमलाइट नॅनोसारखी बोटाच्या पेराएवढी नळी. नॅनोचं वजन सुमारे १० ग्रॅम, प्रकाश १० लुमेन आणि आत एलआर४१ जातीचे चार सेल. कुलपाचं भोक शोधायला किंवा जिन्याच्या पायऱ्या दिसायला १० लुमेन पुरतात. मात्र सेल उतरतो तसा प्रकाश पहिल्या दिवसापासून हळूहळू कमी होत जातो. रोज दिसत असल्यानं तो कमी झाल्याचं लक्षातच येत नाही.

सेल बदलताना एक चूक हमखास होते. चपट्या टॉर्चमध्ये कधी एक सीआर२०३२ असतो, तर कधी एकावर एक ठेवलेले दोन सीआर२०१६. २०३२ ची जाडी ३.२ मिलिमीटर, २०१६ ची १.६. त्यामुळे दोन पातळ सेल एका जाड सेलच्या जागी नेमके बसतात, पण व्होल्टेज ३ ऐवजी ६ होतं. एका सेलसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये दोन घातले तर एलईडी जळू शकतो आणि दोनऐवजी एक घातला तर प्रकाश मिणमिणता पडतो. जुने सेल काढताना त्यांच्यावरचा क्रमांक वाचून ठेवा.

घरात लहान मूल असेल तर हा प्रकार घेऊच नका. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेलच्या झाकणाला स्क्रू नसलेली स्वस्त टॉर्च जमिनीवर पडली की दोन तुकडे होतात आणि सेल घरंगळत जातो.

रिमोटच्या बारीक सेलची, म्हणजे एएए

आमचा कौल इथे आहे. फिनिक्स ई०१ च्या दुसऱ्या आवृत्तीत ५, ३० आणि १०० लुमेन असे तीन टप्पे आहेत आणि ती ५ वर सुरू होते. ओलाइट आय३ई फक्त ९० लुमेनवर चालते, एकच टप्पा. दोन्ही टॉर्च पुढचं डोकं पिळलं की लागतात. यातली निवड आम्हाला सोपी वाटते. रात्री दोन वाजता माणसं झोपलेल्या खोलीत ९० लुमेन डोळ्यांवर येतात, पाच लुमेनमध्ये चप्पल सापडते आणि कुणाची झोप मोडत नाही. कमी प्रकाशाचा टप्पा नसलेली टॉर्च रोज वापरणं जड जातं.

या प्रकारातला खरा धोका अल्कलाइन सेलचा. तो उतरून तसाच राहिला की आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं, ॲल्युमिनियमची भिंत खातं आणि सेल नळीत जाम होतो. पांढरी भुकटी दिसली तर थेंबभर व्हिनेगरनं पुसून, नंतर पाण्यानं पुसून पूर्ण वाळवता येतं. पण सेल फुगून अडकला असेल तर टॉर्च गेली असंच समजा. रोज वापरायची असेल तर एनेलूपसारखा रिचार्जेबल निकेल सेल घाला. जुडग्यात विसरून जायची असेल तर १.५ व्होल्टचा लिथियम सेल. तो सहसा गळत नाही, अनेक वर्षं टिकतो आणि वजनालाही हलका, साधारण साडेसात ग्रॅम. अल्कलाइन साडेअकराच्या आसपास भरतो.

१०४४० नावाचा सेल अगदी याच मापाचा असतो, पण तो ३.७ व्होल्टचा. टॉर्चच्या माहितीपत्रकात त्याचं नाव स्पष्ट नसेल तर घालू नका, सर्किट जळतं.

चार्जिंगची टॉर्च

नाइटकोर ट्यूब जेमतेम १० ग्रॅमची. ४५ लुमेनवर सुमारे तास, १ लुमेनवर ४८ तास. तिचीच मोठी बहीण टिप ३६० लुमेनपर्यंत जाते. रोज संध्याकाळी वापर असेल आणि चार्जर टेबलावरच असेल, तर यांच्याइतकी सोय दुसरीकडे नाही.

पण लहान आकारात बॅटरी किती मावते, याचा हिशेब करून बघा. ओलाइटच्या ‘आय१आर २’ या टॉर्चमध्ये ८० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेचा सेल आहे. ०.०८ गुणिले ३.७, म्हणजे सुमारे ०.३ वॉट-तास इतकी साठवलेली ऊर्जा. एएए मापाचा ७५० एमएएचचा निकेल सेल सुमारे ०.९ वॉट-तास देतो, तिप्पट. एका वॉटला १०० लुमेन धरले तर तिच्या १५० लुमेनला दीड वॉट लागतो, म्हणजे त्या छोट्या सेलवर १२ मिनिटं. म्हणून अशा टॉर्चमध्येही खालचा टप्पाच कामाचा.

दुसरी अडचण वयाची. आतली बॅटरी बहुधा बदलता येत नाही, त्यामुळे तिची क्षमता गेली की टॉर्चही गेली. इलेक्ट्रॉनिक बटण बंद असतानाही थोडा करंट खातं, त्यामुळे महिनोन्‌महिने ड्रॉवरमध्ये पडलेली टॉर्च रिकामी निघते. दर दोन-तीन महिन्यांनी चार्ज करा आणि नवी घेताना मायक्रो यूएसबीऐवजी टाइप-सी बघा.

पावसाळा आणि जुडगा

आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे झेलणारी, आयपीएक्स८ म्हणजे पाण्यात बुडाली तरी चालणारी. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या जुलैसाठी आयपीएक्स८ घ्या. पिळायच्या टॉर्चमध्ये पाणी अडवते ती रबरी ओ-रिंग. वर्षातून दोनदा आटे कोरड्या कपड्यानं पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. खोबरेल तेल नको, ते थंडीत गोठतं आणि मळ धरतं. प्रकाश लुकलुकायला लागला तर बहुतेक वेळा दोष मळलेल्या आट्यांचा असतो, एलईडीचा नाही.

पिळायची टॉर्च खिशात आपोआप लागू शकते, कारण दाबानं डोकं किंचित आत सरकतं. ती बंद झाल्यावर अर्धा फेरा आणखी सैल करा. चार्जिंगवाल्या टॉर्चचं बटण खिशात दाबलं जातं, म्हणून लॉकची सोय आहे का ते विचारा. बाइकच्या इग्निशनला लटकलेल्या जुडग्यात एएएची टॉर्च सतत आपटते. सेलचं टोक दबून संपर्क तुटतो आणि इग्निशनचं कुलूपही झिजतं. अशांनी क्लिपची सोय करावी, बाइकची किल्ली लावताना टॉर्च काढून खिशात.

आता लुमेन

नामांकित कंपन्या एएनएसआय एफएल१ या मानकानुसार आकडे देतात. त्यात टॉर्च किती वेळ चालते हे प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत मोजलं जातं. म्हणजे खोक्यावरचा तास म्हणजे शंभर लुमेनचा तास असेलच असं नाही. डोळ्याला दुप्पट उजेड वाटायला साधारण चौपट लुमेन लागतात, म्हणून ९० आणि १०० मधला फरक दिसतच नाही. ३०० च्या पुढच्या छोट्या टॉर्चा थोड्याच वेळात तापतात आणि सर्किट प्रकाश उतरवतं. मानकाचं नाव नसलेल्या, हजारो लुमेन सांगणाऱ्या दोनशे रुपयांच्या किचेन टॉर्चवर विश्वास ठेवू नका.

दुकानात हातात घेऊन बघता येत असेल तर एका हातानं, अंगठा आणि तर्जनी वापरून लावून बघा. दुसऱ्या हातात पिशवी असतेच. मग पांढऱ्या कागदावर प्रकाश पाडा. कडा फार निळसर दिसली तर मीटरच्या वायरीतला लाल आणि तपकिरी रंग ओळखणं जड जाईल.