मिठाचं पाणी की खायच्या सोड्याचं?

कॉटन मार्केटातून आणलेली भाजी आधी नळाखाली चोळून धुवा. वरची धूळ आणि बरीचशी फवारणी तिथेच निघते. पुढचा प्रश्न भिजवण्याचा.

मीठ: लिटरभर पाण्यात 20 ग्रॅम, 10 मिनिटं. फुलकोबीतल्या अळ्या काढायला हेच बरं. पालक-सांभार (कोथिंबीर) मात्र जास्त वेळ ठेवू नका. मिठाने पानांतलं पाणी सुटून ती मलूल पडतात.

सोडा: लिटरला 10 ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चमचे, 12 ते 15 मिनिटं. अल्कधर्मी पाण्यात काही कीटकनाशकांचे रेणू तुटतात. अमेरिकेत 2017 साली सफरचंदांवर झालेल्या प्रयोगात सालीवरची थायाबेंडाझोल आणि फॉसमेट ही दोन रसायनं याच प्रमाणाने निघाली, पण सालीत मुरलेला अंश राहिला. चिमूटभर सोडा टाकून दोन मिनिटांत उपसलं तर फारसं हाती लागत नाही. त्यात व्हिनेगर तर घालूच नका, दोन्ही एकमेकांना मारतात.

वांगी, टमाटे, काकडीला आम्ही सोडाच सुचवू. भिजवणं चिरण्याआधी, आणि शेवटी साध्या पाण्याने दोनदा खळखळून धुणं. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध मात्र झाडाच्या रसातून आत भिनतं. तिथे दोन्ही पाणी अपुरं. फवारणीनंतर ठरलेले दिवस थांबून तोडणाऱ्या शेतकऱ्याकडूनच घ्या.