एकदाच की रोज? अ‍ॅट, क्रॉन आणि सिस्टिमडी टायमर

लिनक्सवर एखादी कमांड नंतर आपोआप चालवायची असली की हात सवयीने क्रॉनकडे, म्हणजे ठरलेल्या वेळी पुन्हा पुन्हा कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे जातो. काम एकदाच व्हायचं असेल, तर तिथेच चूक होते. क्रॉनच्या ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार असे 5 रकाने असतात. वर्षाचा रकानाच नाही. '20 मार्चला पहाटे 3 वाजता हा फोल्डर पुसून टाक' अशी ओळ लिहून विसरलात, तर पुढच्या 20 मार्चलाही ती चालणार. तोवर त्या फोल्डरमध्ये कामाच्या फाइली आलेल्या असू शकतात.

अशा कामासाठी अ‍ॅट ही कमांड आहे; ती दिलेल्या वेळी काम एकदाच चालवते. 'अ‍ॅट नाऊ + 2 अवर्स' टाइप करा, कमांड द्या, कंट्रोल-डी दाबा, झालं. त्या वेळी तुम्ही ज्या फोल्डरमध्ये होतात तो आणि बहुतेक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स (शेलमधल्या सेटिंग्ज) अ‍ॅट जपून ठेवतो, त्यामुळे हाताने चाललेली कमांड सहसा तशीच चालते. काम डिस्कवर नोंदलेलं असल्याने रीबूटनंतरही टिकतं, आणि ठरलेल्या वेळी मशीन बंद असेल तर सुरू झाल्यावर चालतं. उशिरा चालून नुकसान होणार असेल, तर याचा आधीच विचार करा. लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये (डिस्ट्रोंमध्ये) अ‍ॅट वेगळा इन्स्टॉल करावा लागतो.

रोजच्या किंवा दर आठवड्याच्या कामाला मात्र क्रॉनची एक ओळ पुरते, आणि 24 तास चालणाऱ्या सर्व्हरवर मला अजूनही तोच सोपा वाटतो. त्याच्या खोड्या माहीत हव्यात. तुमच्या शेलमधला पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) त्याला मिळत नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये पूर्ण पत्ते लिहा. ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं की क्रॉन तिथे नवी ओळ समजतो; फाइलच्या नावात तारीख घालणाऱ्यांचा बॅकअप इथेच अडतो. 'क्रॉनटॅब -ई' क्रॉनच्या कामांची यादी उघडतं, पण कीबोर्डवर शेजारच्याच आर अक्षराचं 'क्रॉनटॅब -आर' सगळी यादी पुसतं, सहसा काही न विचारता. मी असा एकदा 11 ओळी गमावल्या. तेव्हापासून यादीची प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो.

लॅपटॉपवर क्रॉन नको. मशीन बंद असताना हुकलेली वेळ तो सोडून देतो. सिस्टिमडी हा लिनक्सवरच्या सर्व्हिस सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम; त्याच्या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट=ट्रू' लिहिलं की हुकलेलं काम मशीन सुरू झाल्यावर होतं. आणखी एक फरक मला फार मोलाचा वाटतो: आधीचा बॅकअप अजून चालू असेल, तर टायमर त्याच सर्व्हिसची दुसरी प्रत सुरू करत नाही. क्रॉन करतो, आणि दोन बॅकअप एकाच फाइलवर लिहू लागतात; ते टाळायला फ्लॉक (एका वेळी एकच प्रत चालू देणारी कमांड) जोडावं लागतं. टायमरच्या कामात बिघाड झाला तर कारण जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमडीच्या नोंदींमध्ये सापडतं. क्रॉन आउटपुट मेलने पाठवू पाहतो. मेलची सोय नसेल तर ते हरवतं.

त्याबदल्यात टायमरसाठी 2 फाइली लिहाव्या लागतात, एक वेळेची आणि एक कामाची. फाइली न लिहिता 'सिस्टिमडी-रन'ने अर्ध्या तासानंतरचं एखादं काम लावता येतं. ते रीबूटनंतर उरत नाही, म्हणून उद्या-परवाच्या कामाला मी अ‍ॅटच वापरतो.