वाचनालयाचा पॉडकास्ट: आठ महिने चालवून पाहिल्यावर

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, चंदगडच्या हद्दीला लागून आमचं गाव. वाचनालय दोन खोल्यांचं, वर पत्रा. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबऱ्यात भरतं तसंच आमच्याकडेही जानेवारीत एक दिवसाचं साहित्य संमेलन असतं, जोडीला पुस्तकांचे स्टॉल. गेल्या जूनपासून त्याच्या प्रचारासाठी आम्ही पॉडकास्ट, म्हणजे मोबाइलच्या अ‍ॅपवर केव्हाही ऐकता येणारे रेकॉर्ड केलेले भाग, चालवला. शेजारच्या तीन गावांतून "आमच्या वाचनालयाला झेपेल काय?" म्हणून फोन आले, तेव्हा एकदाच लिहून टाकतो.

आधी सामान. हजाराच्या आतला, सहा मीटर वायरचा कॉलर माइक, एका संचालकाचा जुना मोबाइल आणि रेकॉर्ड केलेला आवाज कापायला-सुधारायला ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर. एवढ्यात भागतं. मोबाइलला गोल पिनेची जागा नसेल तर कन्व्हर्टर घ्या. आम्ही पहिला रविवार त्यातच घालवला. आमचा खरा शत्रू म्हणजे पत्रा. जून-जुलैत पाऊस सुरू झाला की समोर बसलेल्याचं बोलणं कानाला ऐकू येत नाही, माइकला काय येणार! शेवटी आतल्या खोलीत दोन कपाटांच्या मधे स्टूल टाकलं. पुस्तकांनी भरलेल्या कपाटांमुळे आवाज घुमत नाही, स्टुडिओचा खर्च वाचतो. पाऊस मात्र थांबेपर्यंत थांबावंच लागतं. ऑडॅसिटीत आवाजातली घरघर काढता येते, त्यासाठी सुरुवातीला पाच सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं, म्हणजे नुसती घरघर कशी आहे ते सॉफ्टवेअरला कळतं. आमच्या गावात हे सगळ्यात अवघड काम ठरलं.

काय रेकॉर्ड करायचं, यात आमचे पहिले तीन महिने वाया गेले. अमेरिकेतली लायब्ररी ऑफ काँग्रेस २००१ पासून राष्ट्रीय पुस्तक महोत्सव भरवते आणि तिथे येणाऱ्या लेखकांच्या मुलाखती तिने पॉडकास्टवरही दिल्या आहेत. सेक्रेटरींच्या पुतण्याने हे दाखवलं आणि आम्ही तीच वाट धरली. पुण्या-कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या फोनवर मुलाखती, तासतासाचे भाग. ऐकणारे किती? बहुधा पाहुण्यांच्या घरचे. तिथला वाचक लेखकाचं नाव वाचून मंडपात येतो. आमच्याकडे माणूस ग्रंथदिंडीला येतो, लेझीम बघतो, जेवतो आणि कथाकथन असेल तर संध्याकाळपर्यंत हलत नाही. ही गोष्ट आम्हाला जन्मापासून माहीत होती, तरी मुलाखतीच करत बसलो.

मग गाव धरलं. २००० साली य. दि. फडके अध्यक्ष असलेलं अखिल भारतीय संमेलन बेळगावात झालं, त्याला गावातून सायकलवर गेलेल्या तिघांना एकत्र बसवलं. रस्त्यात पंक्चर कुणाची झाली यावरून तिघांचं जुंपलं. अठरा मिनिटांतली सहा मिनिटं भाषणांची आठवण, बाकी पंक्चर. हा भाग गावात फिरला आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला जाणारी पोरं बसमध्ये एकमेकांना ऐकवू लागली.

अ‍ॅपवर जाऊन ऐकणारे मोजकेच, हे आधीच समजून घ्या. आम्ही मोनो (एकाच वाहिनीचा आवाज), ६४ केबीपीएसवर फाइल करतो, म्हणजे ती लहान राहते. वीस मिनिटांचा भाग साडेनऊ-दहा एमबीत बसतो आणि थेट व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. एकच निरोप अनेकांना एकदम पाठवायच्या तिथल्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून पुस्तक द्यायला टेबलाशी आलेल्या प्रत्येकाकडून आधी नंबर सेव्ह करून घेतो, मगच पुस्तकावर शिक्का. हा जुलूम आहे, पण चालतो.

आकड्यांवर माझा विश्वास राहिला नाही. दसऱ्याच्या सुमारास टाकलेल्या एका भागाला अ‍ॅपवर ४१ ऐकणारे दिसत होते. पुढच्या आठवड्यात चंदगडकडच्या काजू कारखान्यात गेलो, तर टेबलावर स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या एका मोबाइलवर तोच भाग लागलेला आणि भोवती बारा बायका काजूगर सोलत बसलेल्या. अ‍ॅपच्या हिशेबात त्या मिळून एक, आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून आली असेल तर तेवढ्याही नाहीत. यातल्या दोघी-तिघींची शाळा कन्नडमधून झालेली. घरात मराठी बोलतात, पण मराठी पुस्तक हातात घेतलं की दोन पानांत कंटाळतात. वाचनालयात आम्ही त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तो भाग कथाकथनाचा होता. आमचे कथाकथनकार आधी रेकॉर्डिंगला तयारच नव्हते. त्यांचं म्हणणं रास्त होतं. हंगामात दर रविवारी वेगळ्या गावात तीच कथा सांगायची, मानधन घ्यायचं. ती मोबाइलवर फुकट फिरली तर पुढच्या गावाने बोलवायचं कशाला? एका कवीने तर सरळ सांगितलं, "माझ्या चारच कविता चालतात, त्या तुम्हाला दिल्या तर मी काय वाचू?" शेवटी तोड निघाली. कथेची पहिली नऊ मिनिटं द्यायची, नवऱ्याचा पत्ता शोधत आलेली बाई दार वाजवते तिथे थांबायचं, पुढचं संमेलनात. रेकॉर्ड करण्याआधी लेखी परवानगी घ्या, आम्ही आता छापील अर्जच ठेवलाय.

आता तक्रार. ज्या कंपनीच्या फुकट योजनेवर भाग ठेवत होतो तिचं नाव घेत नाही. नव्वद दिवसांनी जुने भाग तिथून आपोआप जातात, ही अट बारीक अक्षरात होती. डिसेंबरात दीड हजार हँडबिलं छापली आणि क्यूआर कोड त्या काजूवाल्या भागाचा टाकला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात घरोघर वाटली तेव्हा स्कॅन केलं की कोरं पान. चूक आमचीही आहे. क्यूआर कधीही थेट भागाला जोडू नका, स्वतःच्या एका पानाला जोडा, मागची लिंक मग केव्हाही बदलता येते. आता सगळे भाग इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावरही ठेवतो, तिथे पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट अनपेक्षित घडली. हायस्कूलच्या कन्नड शिक्षकांनी चाळीस सेकंदांत, कन्नडमधून, स्टॉल कुठे आणि जेवण किती वाजता एवढंच सांगितलं. सगळ्यात जास्त फॉरवर्ड तीच क्लिप झाली. कमिटीत यावर दोन बैठका वाद झाला, पण स्टॉलवर लहान मुलांची पुस्तकं दुपारीच संपली.

पाचपैकी साडेतीन गुण देईन. दीड गुण माझ्या बुडालेल्या रविवारांचा कापला.

संमेलनाला काजू कारखान्यातल्या आठ जणी डबे घेऊन दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. कथाकथनकार उठले आणि त्यांनी त्या दिवशी वेगळीच कथा सांगितली. हशा-टाळ्या झाल्या, बायकाही हसल्या. मंडपाबाहेर मला गाठून त्यातल्या एकीने विचारलं, "सगळं झ्याक झालं वो, खरं त्या दार वाजवणाऱ्या बाईचं काय झालं, तेवढं सांगा की!"

मलाही माहीत नाही. कथाकथनकारांना दोनदा फोन केला, ते म्हणतात पुढच्या जानेवारीत बघू.