नवी पेठेतली केबल की घरपोच आलेली? फोन आणि ई-रीडरच्या स्वस्त सामानाची तुलनात्मक पारख

सोलापुरात फोनचे कव्हर, केबल किंवा चार्जर घ्यायचा झाला, तर साधारणपणे तीन वाटा असतात. पहिली नवी पेठेतल्या मोबाईलच्या दुकानांची, जिथे भिंतभर टांगलेल्या पाकिटांतून एकच वस्तू ‘लोकल’, ‘कॉपी’ आणि ‘ओरिजिनल’ अशा तीन भावांत समोर येते. दुसरी ऑनलाइन खरेदीची, आणि तिसरी रस्त्याकडेच्या गाड्यांची, जिला जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत भर येतो. बहुतेक जण ‘यांपैकी कुठून घ्यावे’ असे विचारतात. माझ्या मते तो प्रश्न नंतरचा आहे. आधी हे पाहावे की त्या वस्तूतून वीज वाहते की नाही. वाहत नसेल, तर हात आणि डोळे यांची पारख पुरेशी असते आणि स्वस्त वस्तू निर्धास्तपणे घेता येते. वाहत असेल, तर हाताला चांगली लागणारी वस्तूही दगा देऊ शकते, आणि तिथे छापलेला मजकूर, वजन व थोडेसे गणित यांचाच आधार घ्यावा लागतो.

चार्जर सर्वांत आधी घेतो, कारण त्यात चूक झाली तर नुकसान चार्जरच्या किमतीपुरते राहत नाही. भिंतीतली २३० व्होल्ट वीज आणि आपला हात यांच्यामध्ये चार्जरच्या आतला बोटभर ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या दोन बाजूंमध्ये राखलेले काही मिलिमीटरचे अंतर, एवढाच आडोसा असतो. स्वस्तात माल काढणारा नेमका इथेच हात आखडता घेतो, आणि बाहेरून ते काहीच दिसत नाही. म्हणून गाडीवरचा बिनानावाचा चार्जर कितीही स्वस्त असला, तरी तो घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानातला आणि ऑनलाइनचा यांची तुलना मात्र करता येते, आणि ती नोंदणी क्रमांकावरून करावी. सक्तीच्या नोंदणीच्या २०१२ च्या आदेशाच्या यादीत पुढे अडॅप्टर आणि पॉवर बँकाही आल्या, त्यामुळे अशा वस्तूवर मानक क्रमांक (अडॅप्टरवर सहसा आयएस १३२५२) आणि ‘आर’ या अक्षरापुढे आठ आकडे छापलेले असतात. हे आकडे भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये घातले की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसते. क्रमांक नुसता खरा असून भागत नाही, कारण दुसऱ्याचा खरा क्रमांक उचलून छापणे अवघड नाही; ॲपमधले नाव आणि हातातल्या चार्जरवरचे नाव जुळले पाहिजे. दुकानात ही तपासणी पैसे देण्यापूर्वी दोन मिनिटांत होते. ऑनलाइन विक्रेते ती बाजू फोटोत क्वचितच दाखवतात, त्यामुळे या एका वस्तूपुरते माझे माप नवी पेठेच्या बाजूने झुकते.

दोन वर्षांपूर्वी मी हा नियम मोडला होता. एका दुकानातून घाईत घेतलेला चार्जर लावला, की फोनचा पडदा आपोआप सरकायचा, बोट एका अक्षरावर आणि उमटायचे दुसरेच. महिनाभर मी फोनलाच दोष देत राहिलो. चार्जर बदलताच सगळे थांबले, तेव्हा कळले की आतून येणारी वीज नीट गाळली जात नसेल, तर स्पर्श ओळखणारा पडदाही गोंधळतो. तो काढून टाकलेला चार्जर घरातल्या जुन्या ओरिजिनल चार्जरशेजारी तळहातावर ठेवून पाहिला, तेव्हा तो लक्षात येण्याइतका हलका निघाला.

केबलचा विषय सोलापूरकरांना इतरांपेक्षा लवकर समजावा, कारण त्यातले माप सुतासारखेच उलटे चालते. यंत्रमागावर ज्यांनी काम केले आहे, त्यांना ठाऊक असते की काउंटचा आकडा वाढला की सूत बारीक होते: एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका त्याचा काउंट, म्हणून दहाचे सूत जाड आणि चाळीसचे बारीक. केबलवर बारीक अक्षरांत छापलेला ‘एडब्ल्यूजी’चा, म्हणजे तारेच्या जाडीचा, आकडाही असाच वाचायचा असतो, २८ म्हणजे बारीक तार आणि २४ म्हणजे जाड. २८ च्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओम असतो. एक मीटरच्या केबलमध्ये वीज जाऊन परत येते, म्हणजे वाट दोन मीटरची होते, आणि २ अँपिअर प्रवाह असताना वाटेतच सुमारे ०.८५ व्होल्ट गळतात. चार्जरमधून निघालेल्या ५ व्होल्टपैकी फोनपर्यंत सव्वाचारही पोहोचत नाहीत आणि फोन आपली भूक आवरती घेतो. २४ ची तार असेल, तर गळती ०.३५ व्होल्टच्या आसपास राहते. ‘चार्जर चांगला आहे पण चार्जिंग हळू होते’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते. त्यात तांब्याऐवजी वरून तांबे चढवलेल्या ॲल्युमिनियमची तार घातली, तर रोध जवळजवळ दीडपट होतो. बाहेरचे नायलॉनचे विणकाम कितीही देखणे असले, तरी ते आतल्या तारेविषयी काही सांगत नाही; चादरीची किनार पाहून ताण्याचा दर्जा ठरवण्यासारखेच ते आहे.

ई-रीडर वापरणाऱ्याने केबल घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. साध्या केबलमध्ये विजेच्या दोन आणि माहितीच्या दोन अशा चार तारा असतात, पण स्वस्त केबलमध्ये माहितीच्या तारा कधी कधी गाळलेल्याच असतात. तिने चार्जिंग होते, पण संगणकाला जोडल्यावर ई-रीडर दिसतच नाही आणि पुस्तके चढवता येत नाहीत. दुकानात आपला फोन आणि दुकानदाराचा संगणक जोडून हे लगेच कळते. शिवाय आपल्या उपकरणाची पिन कोणती, हे आधी पाहावे: २०१८ च्या किंडल पेपरव्हाइट या ई-रीडरला जुनी मायक्रो पिन लागते, २०२१ च्या पेपरव्हाइटला सी-टाइप.

सी-टाइपच्या बाबतीत स्वस्ताईचा धोका केवळ हळू चार्जिंगपुरता नसतो. एका टोकाला जुनी चौकोनी पिन आणि दुसऱ्या टोकाला सी अशा केबलमध्ये ५६ किलोओमचा एक चिमुकला रोधक असावा लागतो, ज्यावरून फोनला किती प्रवाह ओढायचा ते कळते. तो चुकीचा असला, तर फोन जुन्या चार्जरकडून झेपणार नाही इतकी वीज मागतो. गुगलचे अभियंता बेन्सन लेउंग यांनी २०१५ पासून अशा केबली विकत घेऊन तपासायला सुरुवात केली, आणि २०१६ मध्ये आतल्या तारा चुकीच्या जोडलेल्या एका केबलने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला. हा रोधक बघून ओळखता येत नाही, म्हणून इथे अनोळखी नावापेक्षा पाठीमागे उभा राहणारा विक्रेता किंवा ओळखीची कंपनी यांवर शंभर रुपये जास्त खर्च करणे मला रास्त वाटते. केबलसाठी ऑनलाइनची बाजू थोडी सरस आहे, कारण तारेचा आकडा लिहिलेली केबल तिथे शोधून काढता येते. दुकानात तो विचारला, तर बहुतेक वेळा ‘एकदम हेवी आहे’ एवढेच उत्तर मिळते.

पॉवर बँकेसाठी गणित सोपे आहे. १०,००० एमएएच हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो, म्हणजे साठा ३७ वॉट-अवर. तोच ५ व्होल्टला मोजला, तर ७,४०० होतो आणि रूपांतरातली गळती धरता सहा हजारांच्या आसपास हाती येतो. प्रामाणिक उत्पादक हा कमी आकडाही ‘रेटेड’ म्हणून छापतो. तो दिसला, तर वस्तूविषयी माझा विश्वास वाढतो. दुसरी कसोटी वजनाची. अशा बँकेचे वजन साधारण दोनशे ग्रॅम असते, त्यामुळे तेवढ्याच वजनात ३०,००० चा दावा करणारी बँक सरळ परत ठेवावी. काही बँका प्रवाह फार कमी ओढला जात आहे असे पाहून आपोआप बंद होतात, आणि ई-रीडर कमीच प्रवाह ओढत असल्याने तो अर्धवट चार्ज होऊन राहतो, हेही घेण्यापूर्वी जोडून पाहावे. मे महिन्यात इथला पारा ४२ च्या वर जातो, अशा दुपारी कोणतीही बँक, महागडी असली तरी, गाडीच्या डिकीत ठेवू नये.

आता वीज नसलेल्या वस्तू. फोनच्या कव्हरसाठी नवी पेठ काय किंवा गड्ड्यावरचा स्टॉल काय, मी फरक करत नाही. कडा पडद्यापेक्षा किंचित वर आहेत का, कॅमेऱ्याभोवती उंचवटा आहे का आणि बटणे सहज दाबली जातात का, एवढे पाहावे. पारदर्शक कव्हर उन्हाने पिवळे पडणारच, त्याला महाग-स्वस्त असे काही नसते. टफन काचेवरच्या ‘९एच’ या आकड्याने भारून जाऊ नये, कारण ती पेन्सिलीच्या कठीणपणाची मोजपट्टी आहे आणि वाळूचा कण त्या काचेवर आरामात ओरखडा काढतो; ‘११डी’ वगैरेंना तर कोणतेच मानक नाही. त्यापेक्षा काचेवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा: तो गोळा होऊन घसरला, तर बोटांचे ठसे न धरणारा लेप शाबूत आहे. लावण्याची कला दुकानातल्या पोराच्या हातात असते, म्हणून काच ऑनलाइन मागवण्यात मला अर्थ दिसत नाही.

ई-रीडरला काच लावूच नये. त्याचा पडदा कागदासारखा निस्तेज ठेवलेला असतो आणि काच त्यावर चकाकी आणते. शिवाय तो फुटतो तो ओरखड्याने नव्हे, तर पिशवीत दाब येऊन किंवा वाकून, कारण आतला थर बहुधा पातळ काचेचा असतो. त्याला ताठ कव्हर हवे. हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाताना पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि ई-रीडर एकत्र कोंबणाऱ्यांनी मऊ पाऊच घेऊन पैसे वाचवू नयेत. ही कव्हरे आपल्याकडच्या दुकानांत फारशी मिळत नाहीत, त्यामुळे ऑनलाइनच जावे लागते, आणि तिथे चूक होते ती मापाची: २०१८ चा पेपरव्हाइट ६ इंचांचा, २०२१ चा ६.८ इंचांचा आणि २०२४ चा ७ इंचांचा, पण जाहिरातीत तिघांचेही नाव ‘पेपरव्हाइट’ एवढेच असते. कव्हर आल्याबरोबर दोन गोष्टी कराव्यात. झाकण मिटल्यावर पडदा झोपतो का आणि उघडल्यावर जागा होतो का, ते दहा वेळा पाहावे, कारण स्वस्त कव्हरात लोहचुंबक थोडा सरकलेला असतो. मग कव्हरासह वजन करावे: २०२१ चा पेपरव्हाइट स्वतः सुमारे २०५ ग्रॅमचा आहे आणि कव्हर जड निघाले, तर रात्री पडून वाचताना मनगट बोलू लागते. परत करण्याची मुदत संपण्याच्या आत हे दोन्ही झाले पाहिजे. दुकानातून काही घेतले असेल, तर बिलावर नुसते ‘मोबाईल ॲक्सेसरीज’ न लिहिता वस्तूचे नाव आणि मॉडेल लिहून घ्यावे, म्हणजे पुढे बदलून मागताना किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना दाखवायला कागद असतो.