इशापूरची जुनी .३१५ रायफल, सेकंडहँड घेतलेली: वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो म्हणजे कोणाचा टाइम वाया जायला नको. ज्याला जुन्या मिलिटरी रायफलींचं वेड आहे, ज्याच्या हातात लायसन्स आहे आणि जो आपल्या देशात राहतो, त्याने इशापूरच्या सरकारी कारखान्याची जुनी थ्री फिफ्टीन, म्हणजे .३१५, बघावी. जितकी जुनी आणि जितकी कोणी हात न लावलेली तितकी चांगली. नवी कोरी नको, आणि कोणी पॉलिश मारून चकाचक केलेली तर अजिबातच नको, का ते पुढे सांगतो.

आमच्याकडे आर्वी-पुलगाव पट्ट्यात लहानपणापासून बंदूक म्हणजे दोनच, एक जागलीला नेतात ती ठासणीची भरमार आणि दुसरी पोलिसाच्या खांद्यावरची थ्री नॉट थ्री. ती थ्री नॉट थ्री पाहून ज्याचं मन अडकलं तो पुढं इंटरनेटवर अमेरिकेतल्या लोकांचे व्हिडिओ पाहत बसतो, तिथं ५० वर्षांपेक्षा जुन्या बंदुका जमवणाऱ्यांसाठी वेगळं कलेक्टर लायसन्स आहे, सरकारी मदतीने चाललेला प्रोग्राम त्यांच्या फौजेच्या जुन्या गॅरंड रायफली सामान्य माणसाला विकतो, आणि गंमत नाही तर खरं सांगतो, आपल्याच इशापूरच्या रायफली, थ्री नॉट थ्री पण आणि १९६० च्या दशकातली ७.६२ मिलिमीटरवाली टू-ए मॉडेलची पण, सरप्लस म्हणजे फौजेचा उरलेला माल म्हणून जहाजातून तिकडं गेल्या आणि तिथल्या लोकांनी स्वस्तात घेतल्या. आपल्याला मात्र त्या मिळत नाहीत. .३०३ आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, पीबी, म्हणजे बंदी असलेल्या गटातली, तिचं लायसन्स जिल्हाधिकारी देत नाही, केंद्राच्या गृहमंत्रालयाकडे जावं लागते. म्हणून आपल्यासाठी सरप्लसच्या सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे ही .३१५, एनपीबी मधली, म्हणजे बंदी नसलेल्या गटातली.

आणि ही काही मन मारून घ्यायची वस्तू नाही बरं का. इंग्रजांनी नियम केला की फौजेत चालते ते काडतूस सिव्हिलियनच्या हातात नको, चोरलेल्या फौजी गोळ्या कोणाच्या घरच्या रायफलीत चालायला नको एवढाच त्यामागचा विचार. मग त्यांनी रायफल ठेवली आपलीच, ली-एनफिल्डची, म्हणजे थ्री नॉट थ्रीवालीच, आणि तिच्यात काडतूस घातलं ८ मिलिमीटर मॅनलिकर, जे होतं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं. म्हणजे पहिल्या महायुद्धात जे दोन देश एकमेकांवर गोळ्या झाडत होते त्यातल्या एकाची रायफल आणि दुसऱ्याचं काडतूस एकाच हत्यारात आलं. स्वातंत्र्यानंतर आपल्या कारखान्यांनी तेच चालू ठेवलं. इशापूरचा रायफल कारखाना १९०४ पासूनचा, कलकत्त्याजवळ, २०२१ मध्ये ऑर्डनन्स बोर्ड, म्हणजे सरकारी शस्त्र कारखान्यांचं मंडळ, मोडून सात कंपन्या झाल्या तेव्हा तो कानपूरवाल्या कंपनीत गेला. गोळी येते आपल्या पुण्याच्या खडकीची, बुडावर केएफ लिहिलेली. मला याचं फार वाटते, एका रायफलीत इतका इतिहास बसलेला असताना लोक तिला "साधी थ्री फिफ्टीन" म्हणतात.

आता घेण्याचं सांगतो. नागपूरला एका लायसन्सवाल्या जुन्या डिलरकडे मिळाली, नव्या रायफलीच्या अर्ध्याहून कमी पैशात. त्याच्या आधी दुसऱ्या एका दुकानात जी दाखवली ती दुरूनच चमकत होती, नळीला निकेल मारलेलं, लाकूड घासून त्यावर सोफ्याला मारतात तसं टचवुड, आणि दुकानदार म्हणे भाऊ पाहा कशी नवीच्या नवी केली. मी बॉडीवरचे शिक्के शोधले तर अर्धे घासून गेलेले. नंबर कसाबसा वाचता येत होता, कारखान्याचा शिक्का नाही, साल नाही, लाकडावरचा ठसा तर पूर्ण गायब. त्या रायफलीचा जन्म कुठे कधी झाला ते आता जगात कोणीच सांगू शकत नाही. मी उठलो तिथून. दुसऱ्या डिलरकडची दिसायला काळीकुट्ट, लाकडावर ओरखडे, घामाचे डाग, पण एकही शिक्का हललेला नव्हता. तो म्हातारा माणूस म्हणाला, "पॉलिश मारून देऊ काय भाऊ, मस्त दिसन." मी म्हटलं, "नोको काका, हात बी नोका लावू तिले." तो हसला आणि म्हणाला पहिलाच गिऱ्हाईक असा आला.

काय पाहून घ्यायचं ते नीट सांगतो कारण हे कोणी सांगत नाही. सगळ्यात पहिले बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून नळी बंद करणारा लोखंडी भाग. बोल्टच्या दांड्याच्या बुडाशी नंबर असतो, तो आणि बॉडीवरचा नंबर एकच पाहिजे. ली-एनफिल्डचा बोल्ट त्या त्या बॉडीला बसवलेला असतो, काडतुसाच्या मागं किती जागा राहते ते त्यावर ठरते, दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत जातो, बंद पण होतो, पण ती जागा जास्त झाली तर काडतुसाची पितळी केस फाटू शकते, आणि तुमचा गाल तिथंच टेकलेला असतो. नंबर वेगळे असले तर माझ्या मते घेऊच नका, डिलर कितीही म्हणू द्या. मग बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहायचं. गाळ आणि काळेपणा साफ होतो, खड्डे साफ होत नाहीत. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या जागेच्या, पुढचा पहिला बोटभर भाग आणि तोंडाजवळचा भाग, हे दोन नीट पाहा, पुढच्या तोंडाशी दोरीने साफ करता करता एका बाजूला झिजलेली नळी मी पाहिली आहे, पुलथ्रू म्हणजे ती साफ करायची दोरी तिरपी ओढली की असं होते, आणि मग गोळी कुठंही जाते. लाकडात बटचा, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या लाकडाचा, जिथं लोखंडी सॉकेटमध्ये सांधा आहे तिथं आणि पुढच्या लाकडाच्या बुडाशी चीर आहे का पाहा, धक्का सगळा तिथं बसतो. इशापूरवाल्यांनी तर थ्री नॉट थ्रीच्या पुढच्या लाकडात आडवा स्क्रू टाकला होता याच कारणाने, कलेक्टर लोक तो स्क्रू पाहूनच इशापूर ओळखतात. तुमच्याकडे ओरखडे असलेलं पण सलग लाकूड आणि चमकणारं पण चिरलेलं लाकूड असे दोन ऑप्शन असले तर विचार करायचंच काम नाही.

चालवायला कशी, तर सुंदर. जिल्ह्याच्या ठिकाणी रेंजवर परवानगी घेऊन चालवली. बोल्ट थोडाच उचलावा लागतो, पूर्ण ९० डिग्री नाही, आणि घोडा बोल्ट पुढे ढकलताना चढतो, सुरुवातीला ते जड वाटते, पण एकदा हात बसला की गाल न हलवता दुसरा राउंड आत जातो. याच ॲक्शनवर इंग्रजांच्या शिपायाला मिनिटाला १५ नेमके राउंड मारायची ट्रेनिंग होती, १९१४ मध्ये ते कामी आलं. थ्री नॉट थ्रीत १० राउंडची मॅगझिन, हिच्यात ५, एवढी एक गोष्ट मला खटकते, पण फौजेची रायफल नाही त्याला काय करणार. ट्रिगर दोन टप्प्यांचा, पहिला ढिला, मग अडतो, मग सुटतो. नळीवरच्या साध्या साइटने नेम धरून १०० मीटरला जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत सगळे राउंड बसले, माझ्यासारख्याला भरपूर झालं. धक्का खांद्याला चांगला जाणवतो, जाड शर्ट घाला. गोळी महाग आहे आणि लायसन्सवर कोटा असतो, त्यामुळे रोज ठो ठो करायची वस्तू समजून घेऊ नका.

आणि एक गोष्ट गावाकडच्या लोकांसाठी, मनापासून. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाय, हरभऱ्याची, तुरीची काय हालत करतात ते मी रोज पाहतो, पण "डुकरं मारायले रायफल घेतो" असं जो म्हणते त्याने थांबावं. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय रोह्यावर बंदूक रोखली की तुरुंग. आणि परवानगी असली तरी रायफलची गोळी आपल्या सपाट रानात कितीतरी वावरं ओलांडून जाते, पलीकडे कापूस वेचणाऱ्या बाया असतात. पीक राखायला कायद्यानेच भरमारीचं वेगळं लायसन्स ठेवलं आहे, त्यातला आवाजच बहुतेक काम करते. ही रायफल त्या कामाची नाही.

आता सांभाळायचं, कारण आपल्या विदर्भाचं हवामान लाकूड आणि लोखंड दोघांचाही दुश्मन आहे. एप्रिल-मे मध्ये ४५ च्या वर पारा गेला की लाकूड आकसते, स्क्रू ढिले पडतात, मग जुलैत तेच लाकूड फुगते. यावर फौजेचाच जुना उपाय आहे आणि तो आपल्या घरात आहे, जवसाचं तेल. फौजेच्या रायफलीच्या लाकडाला कारखान्यात कच्चं जवसाचं तेलच पाजायचे, वार्निश नाही. आमच्याकडे तेलघाण्यावर काढून आणतात, आई चटणीत टाकते तेच. होळी झाली की थोडंसं तळहातावर घ्यायचं, हाताच्या गरमीने चोळायचं, पातळ, अगदी पातळ, जास्तीचं पुसून टाकायचं आणि सुकू द्यायचं, मग परत. जाड थर दिला की चिकट होऊन धूळ धरते. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, जवसाच्या तेलाची चिंधी सुकताना आपोआप गरम होते आणि पेट घेऊ शकते, दोरीवर पसरून वाळवा. माझ्या रायफलीचं लाकूड आता गडद तांबूस झालं आहे, आणि ओरखडे तसेच आहेत, ते राहूच द्यायचे आहेत.

नळीचं वेगळं. जुन्या धाटणीच्या प्राइमरमध्ये, म्हणजे काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळलं की नळीत क्षार बसतो, मीठच समजा, आणि पावसाळ्यात ते हवेतलं पाणी ओढून रात्रीतून गंज धरवते. जुना स्टॉक असो की नवा, मी तर एकच नियम पाळतो, चालवली की त्याच दिवशी उकळतं पाणी चेंबरकडून ओतायचं, मीठ पाण्यात विरघळते तेलात नाही, मग फोर बाय टूची, म्हणजे चार बाय दोन इंचाची, चिंधी पुलथ्रूला लावून सरळ ओढायची, कोरडी झाली की तेल. आणि कव्हरमध्ये ठेवू नका! चामड्याच्या, कॅनव्हासच्या कव्हरमध्ये ओल धरते, चांगल्या चांगल्या बंदुका पावसाळ्यात कव्हरमध्येच सडल्या. कुलपाच्या कपाटात, उघडी, उभी ठेवायची.

२०१९ च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनच्या जागी दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे आपल्याकडे रायफलींचं कलेक्शन असं साध्या माणसाचं होतच नाही. माझ्याकडे ही आणि घरची जुनी बारा बोअर, संपलं. म्हणून मी बाकीचा शौक सामानात करतो, पितळेची तेलाची बाटली, जी थ्री नॉट थ्रीच्या बटमधल्या खोबणीत पुलथ्रूसोबत ठेवायचे, जाड सुती पट्टीची जुनी स्लिंग म्हणजे खांद्याचा पट्टा, जिच्या टोकाला पितळ आहे, दोरीच्या कड्या असलेल्या लाकडी पेट्या. कामठीसारख्या छावणीच्या गावात डिस्पोजलचा माल विकणारे असतात त्यांच्याकडे अजून मिळते, भाव करा. बाटलीवरचा शिक्का आणि स्लिंगवरचं साल पाहूनच घ्या, नकली पण भरपूर आहे. .३०३ चं जिवंत काडतूस कोणी "शोकेससाठी" देत असेल तर घेऊ नका, लायसन्सशिवाय एक काडतूस सापडलं तरी गुन्हा आहे.

कागदांचं थोडक्यात. डिलरकडून घेतली तर पावती आणि लायसन्सवर हत्याराची नोंद लगेच करून घ्या, नंबर स्वतः दोनदा वाचा. दुसऱ्या लायसन्सवाल्याकडून घेत असाल तर विकणाऱ्याने आधी लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागते, घाई करणाऱ्याकडून घेऊ नका. इलेक्शन लागलं की ठाण्यात जमा करायची पाळी बहुतेकांवर येते, तेव्हा नळीत आणि बोल्टला नेहमीपेक्षा जास्त तेल देऊन जमा करा, कारण तिथं ती महिना-दोन महिने कोपऱ्यात उभी राहते आणि कोणी पुसत नाही, पावतीवर नंबरसोबत स्लिंग, मॅगझिन सगळं लिहून घ्या, आणि परत घेताना ठाण्यातच बोल्ट काढून नळी पाहा.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापला तो ५ राउंडच्या मॅगझिनचा.