ॲडम्सच्या तोफा की जेफरसनची जहाजबंदी?
पेच एकच होता: आपसात लढणारे ब्रिटन आणि फ्रान्स भर समुद्रात अमेरिकी व्यापारी जहाजं पकडत होते. अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्सने १७९८ मध्ये स्वतंत्र नौदल खातं उभारलं, फ्रान्सशी अघोषित युद्ध केलं आणि स्वपक्षाचा रोष पत्करून १८०० चा तह घडवला. फ्रान्सबरोबरच्या १७७८ च्या मैत्रीकरारातूनही देश मोकळा झाला. ही कामगिरी निःसंशय सरस.

फ्रान्सकडून लुईझियाना हा विशाल प्रदेश विकत घेण्याचं मोठं श्रेय पुढचा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचं, पण डिसेंबर १८०७ मध्ये व्यापार तोडून ब्रिटन-फ्रान्सला नमवण्यासाठी त्याने आपलीच जहाजं बंदरात अडकवली. निर्यात सुमारे १०.८ कोटी डॉलरवरून वर्षभरात २.२ कोटींवर घसरली. ब्रिटनला दक्षिण अमेरिकेची गिऱ्हाइकं मिळाली. इकडे शॅम्प्लेन सरोवरातून लाकडाचे तराफे आणि पोटॅश चोरून कॅनडात जातच राहिलं. मार्च १८०९ मध्ये बंदी उठवावी लागली.